लाकडी मासा आणि आपली कारागिरी

आपल्या सुतार ज्ञातीच्या इतिहासाविषयी वार्षिकांतून जे लेखन होते, त्यात देवळांचे सभामंडप, वाड्यांचे खांब, रथ, पालख्या आणि गलबते यांना मानाचे स्थान मिळते, व ते योग्यच आहे. परंतु सुताराच्या हातून उतरलेल्या शेकडो लहान वस्तू अशा आहेत की ज्यांचा उल्लेखही कोणी करीत नाही. मुलाचा भोवरा, स्वयंपाकघरातील लाटणे, गिरणीतील धोटा यांचा इतिहास लिहावा असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. यंदा आम्ही अशाच एका वस्तूचा विचार करण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे गळाला लावावयाचा लाकडी मासा.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. करंगळीपासून वीतभर लांबीपर्यंतचा, हलक्या लाकडाचा कोरलेला हा मासा असतो. पोटात शिशाचा लहान तुकडा, तोंडाखाली पत्र्याची जीभ, अंगातून आरपार तार, आणि तारेच्या कड्यांना अडकविलेले तीन काट्यांचे गळ, एवढीच त्याची सामग्री. दोरीने पाण्यातून ओढला म्हणजे तो जखमी माशासारखा डुलत, लचकत चालतो व मोठा मासा त्याला भक्ष्य समजून झडप घालतो. त्यास वास नाही, चव नाही. जे काही काम करावयाचे ते त्याच्या चालीने करावयाचे.

हा विषय निघण्यास एक कारण घडले. ज्ञातीतील एका उत्साही तरुणाने आम्हांस असे सुचविले की, लाकूड आपले, मासळी कोकणची, तेव्हा लाकडी मासाही आपल्याच पूर्वजांनी प्रथम घडविला असला पाहिजे, आणि तसे या अंकात ठामपणे छापावे. सूचना प्रेमापोटी आलेली होती. तथापि जगातील प्रत्येक वस्तूचा उगम आपल्या घरी नेऊन बांधण्याची जी आवड सर्वच ज्ञातींच्या स्मरणिकांत बोकाळली आहे, ती आम्हांस मान्य नाही. जे आपले नाही ते आपले म्हटले की जे खरोखर आपले आहे त्यावरही लोक विश्वास ठेवीनासे होतात. म्हणून आधी पुरावा पाहावा हे बरे.

गळाने मासे धरण्याचा आपल्या बाजूचा जुना व तपशीलवार ग्रंथाधार कल्याणीचा आहे. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विभाग आणि प्रत्येकात वीस अध्याय अशा या शंभर अध्यायांच्या ग्रंथात पाकक्रियेपासून हत्तींपर्यंत सारे काही आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांसही तो परिचित आहे, कारण त्यात मराठी गीताचा अंश आढळतो. त्यातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात माशांच्या जाती, खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे, त्यांस घालावयाचे खाद्य, दोरी, काठी आणि गळ यांचे वर्णन आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून ते शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, राजाने सांगितलेली आमिषे खाण्याची आहेत. पिठाचे गोळे आणि मांसाचे तुकडे यांची त्यात बारकाईने चर्चा आहे. लाकडी मासा त्यात नाही. आठशेहून अधिक वर्षांनी पवईच्या तलावाकाठी, जेथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद गळ टाकून बसतात, तेथेही रोहू-कटल्यासाठी पिठाचेच गोळे मळले जातात. राजा सोमेश्वर तेथे येऊन बसला तर त्याला फारसे परके वाटणार नाही!

मग असे का झाले? लाकूड कोरण्यात आपण कोणाहून मागे नव्हतो. आमच्या मते याचे उत्तर लाकडात नाही. ते पाण्यात आहे.

घोडपदेवचीच जागा घ्या. ज्या देवाच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते त्याच्या पायथ्यापासून पूर्वेकडे थोडे चालले की रे रोड, दारूखाना आणि लाकडा बंदर लागते, व त्यापलीकडे मुंबई बंदराचे पाणी. हे पाणी ज्याने पाहिले आहे त्यास सांगावयास नको की ते गढूळ आहे. ठाण्याच्या व पनवेलच्या खाड्यांतून येणारा गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत ढवळत राहतो. अशा पाण्यात मासा भक्ष्य शोधतो तो मुख्यत्वे वासाने व स्पर्शाने. धक्क्यावरून दोरी सोडणारा मनुष्य गळाला कोळंबीचा तुकडा लावतो आणि त्यास शिंगाळा लागतो, याचे कारण हेच. तेथे कितीही सुबक लाकडी मासा ओढला तरी तो पाहावयास डोळे पोचणार कोठवर? आणि मुंबईच्या कोळी बांधवांची मुख्य भिस्त तर डोळीवर. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्यांस जाळ्याची लांब पिशवी बांधावयाची, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, मांदेली, जवळा आपोआप आत येतो. जेथे समुद्रच मासा आणून देतो तेथे त्याला फसविण्याची खटपट कोण करील?

याउलट जेथे जेथे लाकडी मासा जन्मला तेथील पाणी पाहा. जपानच्या दक्षिणेस सात्सुमाच्या बाजूला माकूल धरण्यासाठी लाकडी कोळंबी कोरण्याची चाल काही शतकांची आहे. समुद्रात पडलेल्या जळक्या मशालीच्या लाकडाला माकूल बिलगला, त्यावरून ही कल्पना सुचली, अशी तेथील दंतकथा. समुद्र तेथे निवळ आहे. उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात ओजिब्वे लोक हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्यातून लाकडी मासा खाली सोडीत व त्याला पाहून वर आलेल्या माशाला भाल्याने टिपीत. त्या लाकडी माशास गळ नसेच. त्याच प्रदेशातील मिशिगन संस्थानात जेम्स हेडन नावाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडी मासे करू लागला. तो व्यवसायाने मधमाश्या पाळणारा. तळ्याकाठी बसून चाकूने लाकूड तासता तासता त्याने हातातला तुकडा सहज पाण्यात फेकला आणि एका माशाने त्यावर उडी घेतली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्याचा कारखाना मात्र खरा व पुढे नामांकित झाला.

सर्वांत प्रसिद्ध नाव फिनलंडच्या लौरी रापाला याचे. हा गरीब मच्छीमार पैयेने या विस्तीर्ण सरोवरावर वल्ही मारीत मासे धरून कुटुंबाचे पोट भरी. लहान माशांच्या थव्यात जो एखादा लंगडत, किंचित तिरका पोहतो, नेमका त्याच्यावरच मोठा मासा तुटून पडतो, हे त्याने पाहून ठेविले होते. १९३६ साली त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा मासा कोरला, त्यास चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद गुंडाळला, आणि वार्निशास पैसे नसल्याने छायाचित्रांच्या जुन्या फिल्मा वितळवून त्यांचा लेप दिला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात या माशावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली नटी मेरिलिन मन्रो असल्यामुळे तो अंक घरोघर गेला, व रापालाच्या कुटुंबाला मागणी पुरविता पुरेना. जगात नशीब कोणत्या वाटेने येईल याचा नेम नाही.

आपल्या देशात गोऱ्या साहेबांनी काठीच्या शिकारीचा छंद आणला. मंगळूरचे कलेक्टर हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ चे आहे. महसीर माशासाठी धातूची चमकती पळी पाण्यातून फिरविण्याची रीत त्या मंडळींनी रूढ केली. ती पळी आपल्या सुताराच्या हाती येण्याचे कारण नव्हते.

तेव्हा निर्णय स्पष्ट आहे. लाकडी मासा आपल्या पूर्वजांनी शोधला असे आम्ही लिहिणार नाही. मच्छीमारीतील आपला खरा वाटा होडीचा आहे, वल्ह्याचा आहे, डोलकाठीचा आहे. आणि तो इतका मोठा आहे की उसन्या मोठेपणाची त्यास गरज नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया उस्तादांच्या देखरेखीखाली सागवानाची जी जहाजे झाली, त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे उभे आहे. उस्तादांची नावे इतिहासात आहेत. वाकस चालविणाऱ्या शेकडो सुतारांची नाहीत. ज्ञातीने शोध घ्यावयाचा तर त्यांचा घ्यावा.

असे असले तरी हा लाकडी मासा आम्हांस परका वाटत नाही, आणि त्यास कारण आहे गिरणीतला धोटा. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग येथील आपल्या किती घरांतून माणसे गिरण्यांच्या सुतारखात्यात होती! १९८२ च्या संपानंतर ती खाती ओस पडली. पण धोटा अजून काही घरांच्या माळ्यावर सापडेल. कठीण लाकडाचा, दोन्ही अंगांनी निमुळता, टोकांस पोलादी टोपी, मध्ये कांडीसाठी पोकळी. दुरून पाहिला तर मासाच. मात्र दोहोंचा धर्म उलटा. धोटा तिळभर वाकडा गेला तर मागातून उडून माणसाला इजा करतो, म्हणून त्याचे सारे कौशल्य सरळ जाण्यात. लाकडी मासा सरळ गेला तर निरुपयोगी. त्याचे सारे कौशल्य मोजून-मापून वाकडे जाण्यात. ज्या हाताला एक साधते त्याला दुसरेही साधावे, असे आम्हांस वाटते. चाळींच्या पुनर्विकासात हत्यारांच्या पेट्या वजनावर भंगारात जात आहेत. त्यांतील एखादी तरी कोणी उघडून पाहावी म्हणून पुढील कृती देत आहो.

पहिला प्रश्न लाकडाचा. एक घनफूट पाणी सुमारे ६२ पौंड भरते. वाळलेले सागवान घनफुटास सुमारे ४० पौंड, तर रापालाच्या कुटुंबाने पुढे स्वीकारलेले दक्षिण अमेरिकेतील बालसा लाकूड अवघे १० पौंडांच्या आसपास. लाकूड जितके हलके तितका मासा जिवंत चालतो, परंतु तितकाच तो लवकर चेपतो व फुटतो. सागाचा मासा टिकतो, पण मंद चालतो. आपल्याकडे या दोहोंच्या मधले लाकूड आहे, आणि ते लाकडा बंदराच्या वखारीत न मिळता गावच्या कुंपणात मिळते. पांगारा! सावंतवाडीचे कारागीर याच हलक्या लाकडाची खेळणी करतात. सावरही चालेल. तुकडा पूर्ण वाळलेला हवा; ओल्या लाकडावरचा रंग फुगून सुटतो.

वीतभर लांब, दोन बोटे रुंद व बोटभर जाड अशी पट्टी घेऊन रंध्याने चारी अंगे गुण्यात आणावी. बाजूने व वरून अशी दोन्ही आकृत्या पेन्सिलीने काढाव्या आणि पाठ, पोट व बरगड्या या क्रमाने तासावे. मध्यरेषा शेवटपर्यंत पुसू देऊ नये, कारण डावी-उजवी बाजू सारखी आहे की नाही हे तीच सांगते. कानस व काचकागद झाल्यावर पोटाच्या रेषेवर करवतीने उभी खाच पाडावी. त्या खाचेत गंज न चढणारी तार तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड बसवावी व तिला गळासाठी कडी ठेवावी. तार अखंड असण्याचे महत्त्व मोठे आहे. मासा मोठा लागला आणि लाकूड फुटले तरी दोरी व गळ यांचा सांधा सुटता कामा नये.

शिसे पोटाच्या पुढच्या अर्ध्या भागात, शक्य तितके खाली बसवावे. ते वर बसले तर मासा कुशीवर पडतो. तोंडाखाली तिरकी खाच पाडून तीत पत्र्याची वा जाड प्लॅस्टिकची जीभ बसवावयाची. ओढताना पाणी या जिभेवर आपटते आणि आळीपाळीने दोन्ही कडांवरून निसटते. त्यानेच अंगाला झोल मिळतो. जीभ आडवी व लांब ठेवली तर मासा खोल बुडी मारतो, उभी व आखूड ठेवली तर पृष्ठभागालगत चालतो. ती जर एका बाजूस केसभर कलली, तर मासा गोल फिरू लागतो व दोरीला पीळ चढतो.

रंगाचा खटाटोप पुष्कळ लोक करतात. पाठ गडद, पोट पांढुरके आणि डोळा ठळक एवढे पुरे. उरलेली शोभा मासे पाहत नाहीत, गिऱ्हाईक पाहते. रंगाआधी अळशीचे उकळलेले तेल व रंगानंतर वार्निशाचे तीन-चार हात द्यावे, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन.

वार्निशाआधीच, गळ अडकवून, बादलीत परीक्षा घ्यावी. मासा पाठ वर करून तरंगला पाहिजे आणि बोटाने कुशीवर लोटला असता स्वतःच उठून बसला पाहिजे. न उठल्यास शिसे वाढवावे. नाकाकडून बुडू लागल्यास ते किंचित मागे न्यावे. चालीची परीक्षा मात्र बादलीत होत नाही. त्यासाठी वाहते अथवा मोकळे पाणी हवे, आणि ते निवळ हवे. दारूखान्याच्या धक्क्यावर ते जमणार नाही. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी मालवण-देवगडकडच्या खडकाळ किनाऱ्यावर, पावसापूर्वी, सकाळच्या भरतीला तो ओढून पाहावा. गळाच्या काट्यांची टोके तेवढी आधी कापून टाकावी, कारण बरोबर मुले असणारच.