पाचगणीचे पर्यावरणरक्षण : निर्बंध आणि नागरिक

पाचगणीची वनश्री ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन याच्या देखरेखीखाली हे थंड हवेचे ठिकाण वसले आणि त्याबरोबर परदेशी वृक्षही येथे रुजले. आज पाचगणीची ओळख ठरलेला सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातील आहे. म्हणजे येथे रक्षण करावयाचे ते मूळचे अरण्य तेवढेच नव्हे, तर मनुष्याने घडविलेला परिसरही होय.

स्वातंत्र्योत्तर काळात पर्यटनाबरोबर बांधकामे वाढली, आणि डोंगरउतार व झरे यांवर ताण पडला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये महाबळेश्वर–पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. वृक्षतोड, भूजलाचा उपसा व तीव्र उतारावरील बांधकाम यांवर त्यायोगे नियंत्रण आले.

तथापि निर्बंधांचा भार प्रथम स्थानिक जमीनधारकावर पडतो, तर निसर्गाचा लाभ पर्यटकही घेतो. ही विषमता कायद्याने मिटत नाही. शिवाय कायदा मनाई करू शकतो. घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करवून घेणे हे मात्र नागरिकांच्या सहकार्यावाचून साधत नाही. जुन्या कचरा डेपोच्या जागी झालेला 'स्वच्छ भारत पॉइंट' आणि २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत मिळालेला प्रथम क्रमांक ही या सहकार्याची फळे होत.

सारांश, चेसनच्या काळी वृक्ष लावले गेले आणि २००१ साली त्यांना कायद्याचे कुंपण मिळाले. त्यांचे पुढील आयुष्य मात्र ग्रामस्थांस त्या कुंपणात किती न्याय मिळतो यावर अवलंबून आहे.