रक्ताच्या नात्याकडून कराराकडे : ब्रुक्स अँड डन या कंट्री गायकद्वयीची कारकीर्द

अमेरिकेतील कंट्री संगीताच्या इतिहासात दोन गायकांच्या जोडीला प्रारंभापासून स्वतंत्र स्थान आहे. ही जोडी बहुधा एकाच घरातली असे. अलाबामा राज्यातील डेलमोर बंधू, त्याच राज्यातील सँड माउंटन परिसरातील आयरा व चार्ली लूव्हिन, त्यांच्यानंतरचे डॉन व फिल एव्हर्ली ही याची ठळक उदाहरणे होत. बालपणापासून एकत्र गाणाऱ्या भावंडांचे उच्चार आणि श्वास घेण्याच्या जागाही जुळलेल्या असतात. त्यामुळे दोन स्वर अगदी जवळून समांतर चालले तरी त्यांतील सांधा ऐकू येत नाही. अशा स्वरमेळाला रक्ताचे नाते लागते, अशी श्रद्धा या संगीताच्या रसिकांत रूढ होती. १९८०च्या दशकात नाओमी व वायनोना जड या मायलेकींनी तिला पुन्हा बळ दिले.

या पार्श्वभूमीवर १९९१ हे वर्ष लक्षणीय ठरते. आजारपणामुळे नाओमी जड यांना निवृत्त व्हावे लागले व डिसेंबरमध्ये त्या जोडीचा निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्रँड न्यू मॅन' ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिचे गायक किक्स ब्रुक्स (जन्म १९५५, श्रीव्हपोर्ट, लुइझियाना) आणि रॉनी डन (जन्म १९५३, कोलमन, टेक्सास) यांच्यात ना नाते होते, ना जुनी मैत्री. दोघेही स्वतंत्र गायक म्हणून नाव मिळवण्याच्या खटपटीत पस्तिशी ओलांडलेले होते. ब्रुक्स यांची १९८९ची एकल ध्वनिमुद्रिका फारशी चालली नव्हती. डन १९८८मध्ये एका राष्ट्रीय गायनस्पर्धेत विजयी झाले होते, एवढेच. अरिस्टा कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचे प्रमुख टिम ड्युबोइस यांनी त्यांना एकत्र बसून गीते लिहिण्यास सुचवले व पुढे जोडी म्हणून करारबद्ध केले. थोडक्यात, हे लग्न ठरवून लावलेले होते.

अशा जोडीला 'कृत्रिम' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि त्यांची गाणी लक्षपूर्वक ऐकली असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. लूव्हिन बंधूंचा एकजीव स्वरमेळ साधण्याचा या दोघांनी फारसा प्रयत्नच केला नाही. एकाने मुख्य स्वर लावायचा, दुसऱ्याने ध्रुवपदात साथ द्यायची, अशी ही विभागणी होती. बहुतेक गाजलेली गाणी डन यांच्या भरदार आवाजात आहेत. रंगमंचावर धावून श्रोत्यांना उठवण्याचे काम ब्रुक्स यांचे. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील चार गाणी लागोपाठ कंट्री गीतांच्या यादीत प्रथम क्रमांकावर गेली. ब्रुक्स यांच्या आवाजातले पाचवे मात्र तेथवर पोहोचले नाही. ही असमानता सांभाळून दोन दशके एकत्र राहणे, हे प्रस्तुत लेखकास त्यांच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा अधिक अभ्यसनीय वाटते.

काळही अनुकूल होता. मे १९९१पासून 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने ध्वनिमुद्रिकांची क्रमवारी दुकानांतील प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदींवरून लावण्यास आरंभ केला आणि कंट्री संगीताचा खरा खप उघड झाला. १९९२मध्ये 'बूट स्कूटिन बूगी' या डनलिखित गाण्याने रांगेत उभे राहून करावयाच्या नृत्याची लाट देशभर नेली. या नृत्याला जोडीदार लागत नाही, हा योगायोग गमतीचा आहे. कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गायकद्वयीचा पुरस्कार १९८८ ते १९९१ जड मायलेकींकडे होता. १९९२ ते २००६ या काळात, २०००चा अपवाद वगळता, तो दरवर्षी ब्रुक्स अँड डन यांना मिळाला.

जोडी जशी घरातून बाहेर पडली, तसे तिचे गाणेही एका गटापुरते राहिले नाही. २००१च्या उन्हाळ्यात आलेले 'ओन्ली इन अमेरिका' हे गीत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर देशभक्तिपर गीत म्हणून ऐकले जाऊ लागले. २००४मध्ये जॉर्ज बुश यांच्या प्रचारात ते वाजले. २००८मध्ये डेन्व्हर येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बराक ओबामा यांच्या भाषणानंतरही तेच वाजले. परस्परविरोधी पक्षांनी एकच गीत उचलावे, यात त्याच्या आशयाचे मोघमपण जसे दिसते तसा त्याचा व्यापक स्वीकारही दिसतो. कंट्री संगीत म्हणजे एका पक्षाचा आवाज, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी हा दाखला विचारात घ्यावा.

ऑगस्ट २००९मध्ये विभक्त होण्याची घोषणा झाली व २ सप्टेंबर २०१० रोजी नॅशव्हिल येथे अखेरचा कार्यक्रम झाला. एकल गायक होण्याची दोघांची मूळ इच्छा आता पुरी होणार होती. परंतु २०१५मध्ये गायिका रीबा मॅकएन्टायर यांच्यासमवेत लास व्हेगास येथे ते पुन्हा एकत्र उभे राहिले. २०१९मध्ये 'रीबूट' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आपली जुनी गाणी तरुण गायकांबरोबर नव्याने गायिली आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. लूव्हिन बंधूंना तेथे २००१मध्ये स्थान मिळाले होते. आयरा यांच्या मृत्यूला तेव्हा छत्तीस वर्षे उलटली होती, आणि ते सख्खे भाऊ १९६३मध्येच वेगळे झाले होते.