म्हसोबाचा सुभा

शिवाजीनगरहून गणेशखिंडीच्या रस्त्याने विद्यापीठाकडे जाताना म्हसोबा गेट नावाचा बसथांबा लागतो. पुढे विद्यापीठाची मुख्य इमारत. एके काळी ती मुंबईच्या गव्हर्नरसाहेबाची पावसाळ्यातली कोठी होती. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. शेंदराचा देव, साहेबाची कोठी आणि फुले हे नाव एकाच रस्त्यावर यावे, हा योगायोग असेल. पण परक्यांच्या राजवटीने आणि बाहेरून आलेल्या धर्मांनी इथल्या लोकांच्या देवधर्माचे काय केले, हा प्रश्न विचारायला पुण्यात याहून योग्य जागा नाही.

‘परधर्म आले आणि आपला धर्म बुडाला’ असे सांगण्याची रीत आहे. यातला ‘आपला’ म्हणजे कुणाचा? म्हसोबा, वेताळ, मरीआई, खंडोबा या देवांना वेदमंत्राची गरज नव्हती. मरीआईची पूजा तर गावोगाव महाराकडे होती. इस्लाम आला तेव्हा खंडोबा बुडाला नाही. त्याला मल्लूखान हे आणखी एक नाव मिळाले आणि जेजुरीत देवाच्या घोड्याची निगा मुसलमान घराण्याकडे राहिली. त्याचे खरे रूपांतर केले ते संस्कृत माहात्म्याने. धनगराचा देव त्यात मार्तंडभैरव होऊन शंकराचा अवतार बनला. या आक्रमणाला मात्र कुणी आक्रमण म्हणत नाही.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजाने धर्म मोडला, ही समजूतही अशीच तपासून पाहिली पाहिजे. कंपनी सरकारने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली ती संस्कृत शास्त्रे शिकवण्यासाठी. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसाही एकदम बंद केला नाही. एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे कायदे आणि रूढी गोळा केल्या. त्याचा ग्रंथ १८२७ चा. त्याने जातींच्या मुख्यांनाही विचारले, हे खरे. परंतु ‘हिंदू कायदा’ म्हणजे काय, हे सांगण्याचा मान पुण्याच्या शास्त्र्यांचा. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हात न घालण्याचे वचन दिले. ज्याच्या हातात धर्म होता त्याच्याच हातात तो राहिला, वर सरकारी मोहोर मिळाली.

मिशनऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या लेखी म्हसोबाही मूर्तिपूजा आणि विष्णूही मूर्तिपूजा. पण १८४१ ते ४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी मिशनऱ्यांची टीका घेतली आणि त्यांचा बाप्तिस्मा नाकारला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी हे देव इतिहासात नेऊन बसवले: म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभेदार, खंडोबा म्हणजे खंडाचा न्यायाधीश. भाषाशास्त्र या व्युत्पत्ती मान्य करणार नाही, आणि आपणही त्यांचा हट्ट धरू नये. महत्त्वाचे हे की, ज्याला एकाने अडाणी दैवत म्हटले आणि दुसऱ्याने सैतान, त्या दगडात जोतीरावांनी हरलेल्या लोकांचे राज्य पाहिले. येशूलाही त्यांनी बळीराजाच म्हटले.

१९११ च्या शिरगणतीला आयुक्त गेट याने कसोट्या लावल्या: कोणत्या जाती ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानत नाहीत, वेद मानत नाहीत, कुणाला ब्राह्मण पुरोहित नाही, कुणाला गाभाऱ्यात प्रवेश नाही, कोण मृतांना पुरते, कोण गोमांस खाते. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात याच कसोट्यांचा आधार घेतला. या यादीत माणूस काय मानतो आणि त्याला काय करू दिले जात नाही, यांची सरमिसळ आहे. रकान्यात मात्र महार हिंदूच. त्याचा अनुभव १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या पायथ्याशी आला. रकान्यातल्या हिंदूंनी पेशव्यांच्या देवळात जाऊ म्हटले, तर दगड पडले.

त्या सत्याग्रहातले शिवराम जानबा कांबळे यांनी त्याआधी ‘सोमवंशीय मित्र’ मासिकातून खंडोबाला मुली वाहण्याविरुद्ध मोहीम चालवली होती. म्हणजे बळीच्या न्यायाधीशापुढे आमच्याच मुली मुरळ्या होत होत्या. आपले दैवत म्हणून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. जोतीरावांच्या प्रेमापोटीसुद्धा नाही.

२५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध होता, हे आपण सिद्ध करू, असे ते तेथे म्हणाले. दोनच वर्षांत नागपूरची दीक्षा झाली आणि वस्त्यांतले देव्हारे रिकामे झाले. देव नदीत गेले, विहिरीत गेले. ते गेले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. पण त्यांच्याबरोबर मरीआईचा पुजारी महारच का, तिचा गाडा शिवेपर्यंत कोण नेत होते, त्याबद्दल गाव काय देत होते आणि काय देत नव्हते, ही माहितीही पाण्यात गेली. ज्या दगडांवरून आपण हात काढला, त्यांतल्या कित्येकांवर आता संगमरवर चढला आहे आणि तिथे संस्कृत आरत्या होतात.

ज्यांनी लहानपणी आईच्या मागे जाऊन ते देव पाण्यात सोडले, त्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी या सुट्टीत त्यांच्याकडे वही घेऊन बसावे.