ग्रीक-रोमन संस्कृतीचे महाविद्यालयीन अध्ययन

प्राचीन ग्रीस व रोम यांच्या भाषा, वाङ्मय, तत्त्वज्ञान, राज्यसंस्था, कला आणि भौतिक अवशेष यांचा एकत्रित अभ्यास. यूरोपीय विद्यापीठांत तो ‘अभिजात विद्या’ या अर्थाच्या नावाने स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून रूढ आहे. भारतात मात्र तो बहुधा इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र किंवा साहित्य या मुख्य विषयांच्या जोडीने, दुय्यम विषय म्हणूनच होत आला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व दुहेरी आहे. लोकशाही, नाट्यविचार, तर्कशास्त्र यांविषयीच्या अनेक आधुनिक कल्पनांची मुळे त्या संस्कृतींत आहेत, हे एक; आणि सातवाहनकालीन दख्खनच्या इतिहासाची काही मूलभूत साधने ग्रीक भाषेत आहेत, हे दुसरे. पूर्णेच्या खोऱ्यात वसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना यांपैकी दुसरे कारण अधिक जवळचे आहे.

पूर्वपीठिका : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्याच्या आरंभीच्या परीक्षांत इंग्रजीबरोबर घ्यावयाच्या भाषांमध्ये संस्कृत, अरबी, फार्सी यांबरोबर ग्रीक व लॅटिन यांचाही समावेश होता. तथापि संस्कृताध्ययनाचा प्रसार होत गेला, तसे लॅटिनचे अध्यापन मुख्यतः ख्रिस्ती संस्थांपुरते उरले; ग्रीकचे तर त्याहूनही विरळ झाले. बहुसंख्य मराठी विद्यार्थ्यांना ग्रीस-रोमचा परिचय इंग्रजी ग्रंथांद्वारेच झाला. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सॉक्रेटीसचे चरित्र १८५२ मध्ये लिहिले. पुढे विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. या परंपरेत तत्त्वज्ञान व साहित्य यांना स्थान मिळाले. ग्रीक साधनांचे मूळ भाषेतून वाचन मात्र मागे पडले.

ग्रीक साधने व दख्खन : इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले तांबड्या समुद्राचे पेरिप्लस हे प्रवासवर्णन व टॉलेमीचा सु. इ. स. १५० मधील भूगोलग्रंथ ही दोन साधने विशेष महत्त्वाची होत. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर (सध्याचे तेर) असल्याचे पेरिप्लसमध्ये सांगितले आहे. पैठणहून अकीक वर्गातील रत्नपाषाण आणि तगरहून कापड गाड्यांतून अवघड वाटेने भडोचला जात असे. टॉलेमी पैठणचा राजा सिरो पोलेमायोस व उज्जैनचा राजा तियास्तेनेस यांचा उल्लेख करतो. हे अनुक्रमे सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी व क्षत्रप चष्टन होत, असे मानले जाते. ते समकालीन होते असा निष्कर्ष यावरून निघतो आणि सातवाहनांच्या कालगणनेला एक आधार लाभतो. रा. गो. भांडारकर यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१८८४) या साधनांचा उपयोग केला.

मूळ पाठ वाचता येण्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पेरिप्लसचा पाठ दहाव्या शतकातील एका हस्तलिखितावर अवलंबून आहे. त्यातील भडोचच्या राजाचे नाव एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी ‘माम्बारोस’ असे वाचले होते. पुढे ते ‘मान्बानोस’ असल्याचे दिसून आले आणि हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान, हे मत दृढ झाले. नाशिक, कार्ले व जुन्नर येथील लेणी-लेखांचा काळ ठरविताना नहपानाच्या काळाला मोठे महत्त्व आहे. दोन-तीन ग्रीक अक्षरांच्या वाचनाचा परिणाम अशा प्रकारे सह्याद्रीतील लेण्यांच्या कालनिर्णयापर्यंत पोहोचतो.

त्या लेण्यांतही ‘यवन’ म्हणविणाऱ्या दात्यांचे लेख आढळतात. कार्ले येथील धेनुकाकटचे यवन, जुन्नर येथील इरिल, चिट व चंद आणि नाशिक येथील उत्तरेकडील इंद्राग्निदत्त ही त्यांची उदाहरणे होत. त्यांची भाषा प्राकृत व दानधर्म बौद्ध होता. उलट दिशेने केंद्र, होरा, सुरुंग, दाम यांसारखे मूळ ग्रीक शब्द भारतीय भाषांत रुजले.

पुरातत्त्वीय पुरावा : कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०–५० या दशकात झालेल्या शोधात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी उत्खनन केले. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेल्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची, हे निश्चित आहे. अशी साम्ये दख्खनमधील थरांच्या कालनिर्णयास साहाय्यभूत ठरतात.

तथापि अशा पुराव्याचा अर्थ लावताना चुकाही झाल्या आहेत. आतील तळावर बारीक ठिपक्यांची वर्तुळे असलेली तकाकीची मृत्पात्रे मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथील १९४५ च्या उत्खननानंतर भूमध्य प्रदेशातील परंपरेशी जोडली होती. मातीच्या पृथक्करणानंतर ती भारतीय बनावटीची ठरली. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रोमन मद्यकुंभ म्हणून नोंदविलेल्या खापरांपैकी काही खापरे प्रत्यक्षात इराणी आखाताच्या परिसरातील वेगळ्या जातीच्या रांजणांची असल्याचे अलीकडील फेरतपासणीत आढळले. यामुळे रोमन व्यापाराचे अस्तित्व नाकारले जात नाही. त्याची व्याप्ती मात्र सावधपणे मोजावी लागते. भूमध्य प्रदेशातील वस्तूंची प्रत्यक्ष ओळख असलेले अभ्यासक येथे फार थोडे होते, हे अशा चुकांचे एक कारण होय.

बुलढाणा जिल्हा : जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) पदवीस्तरावर मुख्य व गौण विषयांची रचना पुरस्कारिली आणि महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. या चौकटीत ग्रीक-रोमन संस्कृतीला गौण विषयाचे स्थान देता येण्याजोगे आहे. ग्रीक लिपीचा परिचय, पेरिप्लस व टॉलेमी यांमधील दख्खनविषयक उतारे, नाणी व खापरे यांची ओळख आणि जवळच्या स्थळांची पाहणी, एवढ्या सामग्रीवरही असा अभ्यास उभा राहू शकतो.

या पाहणीत संग्रामपूर तालुक्यातील भोन या स्थळाचा अग्रक्रमाने विचार करावा लागेल. पूर्णाकाठच्या या वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केले. विटांचा स्तूप व भाजलेल्या मातीच्या कड्यांनी बांधलेल्या अनेक विहिरी तेथे उजेडात आल्या. पेरिप्लसमधील गाड्या ज्या काळात पैठणहून भडोचकडे जात होत्या, तो सातवाहनकाळ या वसाहतीनेही पाहिला आहे. जिगाव पाटबंधारे प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात हे स्थळ येते. खारपाणपट्ट्याची सिंचनाची गरज खरी आहे. परंतु पाण्याखाली गेलेल्या स्थळाचे उत्खनन पुन्हा करता येत नाही. अशा वेळी संग्रहातील खापरे, मणी, नाणी व नोंदी हाच पुढील पिढ्यांचा आधार राहतो. ती सामग्री पुनःपुन्हा तपासून तीत स्थानिक काय व दूरचे काय, हे ओळखू शकणारा अभ्यासक जिल्ह्यातच तयार होणे हे या गौण विषयाचे प्रमुख प्रयोजन ठरते.