बापाची नोकरी, लेकराचं कॉलेज

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करणाऱ्या माणसाला शिक्षणाचा एक हक्क मिळतो. तो महिन्यांत मोजतात: 36 महिने. त्यांच्याकडे कॉलेजचं वर्ष नऊ महिन्यांचं धरतात आणि पदवीला चार वर्षं लागतात, म्हणून 36. हक्क पूर्ण कमावलेला असेल तर सरकारी विद्यापीठात त्या राज्याच्या रहिवाशाला पडते ती सगळी फी सरकार भरतं. राहण्यासाठी दरमहा भत्ता मिळतो, पुस्तकांना वर्षाकाठी 1000 डॉलरपर्यंत मिळतात. खाजगी विद्यापीठ असेल तर फीला एक मर्यादा आहे. इथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढे आहे. हा हक्क सैनिकाने स्वत: वापरला नाही, तर तो बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करता येतो. तीन लेकरं असतील तर प्रत्येकाला 12 महिने असे वाटेही घालता येतात.

जमीन नावावर होते, घर होतं, दुकान होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तलाठ्याकडे फेरफार घालायला आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. पण शिकण्याचा हक्क? मला कायद्यातलं फारसं कळत नाही. मी बीए झालेला, कविता करणारा माणूस. पण शब्दाच्या मागे लागण्याची खोड आहे, आणि 'हस्तांतर' हा शब्द वाचल्यावर आमच्या घरात मोठ्यांच्या तोंडी असलेला एक शब्द आठवला: हिबा. वारसा माणूस गेल्यावर मिळतो, हिबा जिवंतपणी द्यायचा असतो. देणाऱ्याने दिलं म्हणावं, घेणाऱ्याने कबूल म्हणावं आणि ताबा हातात पडावा, या तीन गोष्टी झाल्या की तो पुरा होतो. अमेरिकेतल्या या प्रथेचा इतिहास मला वारशाकडून हिब्याकडे झालेल्या प्रवासासारखा वाटतो. मात्र या हिब्याला एक अट आहे, आणि ती साधी नाही.

सुरुवात एका नामुष्कीतून झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना अमेरिकी काँग्रेसने 1924 साली बोनस कबूल केला, पण रक्कम हाती पडायची होती 1945 मध्ये. मधेच महामंदी आली. 1932 च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला आले आणि नदीकाठी झोपड्या टाकून बसले. आमचे पैसे आत्ता द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. 28 जुलैला अध्यक्ष हूव्हर यांनी लष्कर बोलावलं. जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमाखाली घोडदळ आणि रणगाडे आले, अश्रुधूर सोडला गेला, झोपड्या पेटल्या. ज्या सैन्यातून ही माणसं लढली, त्याच सैन्याने त्यांना हुसकलं. तो दिवस अमेरिका बरीच वर्षं विसरली नाही.

म्हणून दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच विचार सुरू झाला की दीड कोटीहून अधिक माणसं परत आली तर करायचं काय? हॅरी कोल्मरी नावाचे कॅन्ससमधले एक वकील, 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे पूर्वीचे प्रमुख, वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात खोली घेऊन बसले आणि हॉटेलच्याच कागदावर त्यांनी कायद्याचा मसुदा हाताने लिहिला. शिक्षण, घरासाठी कर्जाची हमी, नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला 20 डॉलर. मिसिसिपीचे प्रतिनिधी रँकिन त्या बेकारी भत्त्यावर अडून बसले. काळ्या सैनिकांना घरबसल्या पैसे मिळतील, हे त्यांना खुपत होतं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत तिढा पडला आणि तो सोडवायला एक मत कमी पडत होतं. ते मत होतं जॉन गिब्सन यांचं, आणि गिब्सन आजारी पडून जॉर्जियात घरी होते. रातोरात त्यांना शोधून विमानाने वॉशिंग्टनला आणलं गेलं. सकाळी त्यांनी मत दिलं आणि विधेयक वाचलं. 22 जून 1944 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. लोकांच्या तोंडी त्याचं नाव झालं 'जीआय बिल'. जीआय म्हणजे साधा शिपाईगडी.

फीसाठी वर्षाला 500 डॉलर आणि एकट्या माणसाला खर्चाला महिना 50 डॉलर, अशी पहिली तरतूद होती. 500 ही रक्कम तेव्हा इतकी मोठी होती की हार्वर्डची फीसुद्धा तीत बसायची. मोठ्या विद्यापीठांचे कुलगुरू धास्तावले. शिकागोचे हचिन्स आणि हार्वर्डचे कॉनंट या दोघांनाही वाटलं की आता कुणीही उठेल आणि कॉलेजात येऊन बसेल. आले खरे. 1947 साली कॉलेजात नाव घातलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. वसतिगृहं पुरेनात, म्हणून लष्कराच्या पत्र्याच्या बराकी आवारात उभ्या राहिल्या. तिथे दोरीवर लंगोट वाळताहेत आणि आत बाप गणितं सोडवतो आहे, असं दृश्य त्या देशाने आधी पाहिलं नव्हतं. या पहिल्या कायद्याखाली सुमारे 78 लाख माणसांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्यातली 22 लाख कॉलेजात गेली. आणि अभ्यासात ही मंडळी मागे पडली नाहीत.

पण कायदा सगळ्यांना सारखा आणि दरवाजा मात्र वेगळा, हा अनुभव आपल्याला काय नवा आहे? दक्षिणेतल्या विद्यापीठांनी काळ्यांना घेतलं नाही, आणि काळ्यांसाठीच्या मोजक्या कॉलेजांत जागा नव्हत्या. मिसिसिपीत 1947 साली सरकारी हमीची 3,229 कर्जं दिली गेली. त्यातली काळ्या सैनिकांना मिळाली दोन. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटून पुन्हा पाहिला. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. अंमलबजावणी तिथल्या तिथल्या लोकांच्या हाती दिली होती, तेवढ्याने काम भागलं.

इथे मला सुभेदार रामजी सकपाळ आठवल्याशिवाय राहत नाहीत. ब्रिटिशांच्या फौजेत पलटणींच्या शाळा असत. शिपायांनी आणि त्यांच्या मुलांनी शिकलं पाहिजे अशी सक्ती असे. रामजी अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांच्या घरात अक्षरं आली ती या वाटेने. पुढे 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली, तेव्हा बंद झाली ती नुसती नोकरी नव्हे. बापाच्या नोकरीतून लेकराची शाळा निघते, ही गोष्ट आपल्या मातीत फार आधी घडून गेलेली आहे. म्हणून अमेरिकेतली ही हकीकत वाचताना परकी वाटत नाही.

तर, 1944 च्या कायद्यात मुलांसाठी काहीच नव्हतं. हक्क सैनिकाचा, शिकायचं सैनिकाने. मुलांचा विचार आला तो 1956 साली, आणि तोही मरणाच्या दारातून. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या त्या कायद्याचं नावच 'युद्ध-अनाथांचं शिक्षण' अशा अर्थाचं होतं. सैन्यात बाप कामी आला असेल, तर मुलाच्या शिक्षणाला मदत. जुन्या मराठी दप्तरांत 'बालपरवेशी' हा शब्द सापडतो: लढाईत पडलेल्या माणसाच्या पोरांच्या पोटासाठी लावून दिलेलं उत्पन्न. त्याच जातीची ही गोष्ट. बाप गेला तर मुलाला हक्क. बाप जिवंत परतला तर मुलाला काही नाही.

कोरियाच्या युद्धाच्या काळातला 1952 चा कायदा, व्हिएतनामच्या काळातला 1966 चा, यांत रकमा बदलल्या, मूळ तेच राहिलं. खरा बदल झाला 1973 साली, सक्तीची भरती थांबली तेव्हा. सक्तीने आणलेला शिपाई विशीतला, बहुधा सडाफटिंग, दोन वर्षं काढून घरी जाणारा. आता सैन्य राजीखुशीने येणाऱ्यांचं झालं. त्यात माणसं दहा-वीस वर्षं राहू लागली, लग्नं करू लागली. 1985 पासून लागू झालेल्या 'माँटगोमेरी' योजनेत तर शिपायालाच आधी वर्षभर दरमहा 100 डॉलर पगारातून कापून द्यावे लागत. तिशी-पस्तिशीतला हवालदार स्वत: कॉलेजात जाण्यापेक्षा पोराच्या फीची चिंता करत होता, आणि अमेरिकेत ती फी सतत वाढत होती. हक्क नावावर, पण उपयोग नाही. 2001 च्या अखेरीस काही निवडक कौशल्यांच्या सैनिकांना हक्काचा काही भाग घरच्यांना देण्याची एक चिंचोळी वाट निघाली, पण ती फार थोड्यांच्या कामी आली.

मग इराक आणि अफगाणिस्तान. व्हर्जिनियाचे जिम वेब व्हिएतनामला लढलेले. त्यांचा मुलगा इराकला गेला, तेव्हा 2006 च्या निवडणुकीत ते मुलाचे बूट घालून प्रचाराला फिरले. जानेवारी 2007 मध्ये सिनेटमध्ये पाऊल ठेवल्याबरोबर त्यांनी विधेयक मांडलं: 1944 सारखा भरघोस हक्क पुन्हा द्या. संरक्षण खात्याला याची भीती वाटली. शिक्षणाची सोय इतकी चांगली झाली, तर लोक पहिली मुदत संपताच सैन्य सोडून कॉलेजात जातील! काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेबही मांडला: पुन्हा मुदत वाढवणारे 16 टक्क्यांनी घटतील, पण नव्याने भरती होणारे तितक्याच टक्क्यांनी वाढतील. जॉन मॅकेन यांचा याच कारणाने वेब यांच्या विधेयकाला विरोध होता. त्याआधी, जानेवारी 2008 च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी सैनिकांना न वापरलेला हक्क बायकामुलांना देता यावा अशी मागणी केली होती. दोन्ही बाजूंचं जमलं ते इथे. वेब यांचा हक्क ठेवायचा, त्याला हस्तांतराची जोड द्यायची. 30 जून 2008 रोजी सही झाली आणि 1 ऑगस्ट 2009 पासून अंमल सुरू झाला. पहिल्या सत्रात सरकारी कचेरीत अर्ज इतके तुंबले की विद्यार्थ्यांच्या हाती भाडं द्यायला पैसे नव्हते. शेवटी ऑक्टोबरमध्ये 3000 डॉलरपर्यंतचे तातडीचे चेक वाटावे लागले.

आता ती अट. हस्तांतर करायचं, तर आधी सहा वर्षं नोकरी झालेली हवी, आणि पुढे आणखी चार वर्षं राहण्याचं लिहून द्यायचं. लेकरू तो हक्क वापरू शकतं ते बापाची किंवा आईची दहा वर्षं भरल्यावरच. कबूल केलेली चार वर्षं स्वत:च्या मर्जीने मोडली, तर मुलावर झालेला खर्च कर्ज म्हणून वसूल होऊ शकतो. आणि कागद करायचा तो गणवेशात असतानाच. नोकरी सुटल्यावर नवं नाव घालता येत नाही. आधी घातलेल्या नावांमध्ये महिने कमीजास्त करता येतात, एवढंच. म्हणून जाणती माणसं नव्या शिपायाला सांगतात, प्रत्येक लेकराच्या नावे निदान एक महिना टाकून ठेव. निवृत्तीनंतर जन्मलेल्या मुलाला मात्र काही नाही. आणि 1 ऑगस्ट 2009 च्या आधी नोकरी सोडलेल्यालाही नाही, मग त्याने कितीही लढाया पाहिलेल्या असोत.

जे बक्षीस म्हणून दिलं जातं, तेच दावणही असतं, असं मला वाटतं. 1944 चा कायदा सैनिकाला सांगत होता, तुझी वर्षं गेली, ती घे, आता घरी जा. हस्तांतराचा नियम सांगतो, थांब, म्हणजे मुलाला देतो. 2009 च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवण्याची घोषणा झाली. त्याच महिन्यांत किती बापांनी आणि आयांनी चार वर्षांच्या त्या कागदावर सही केली असेल, आणि सही करताना मुलाची फी आणि काबूल दोन्ही डोळ्यांपुढे असतील. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आमचे मोठे चाचा फौजेत होते. दर सुट्टीत नोकरी सोडतो म्हणायचे आणि दर सुट्टीनंतर ट्रंक उचलायचे, कारण घरात चार जण शिकत होते. पण त्यांच्यापुढे कुणी कागद ठेवला नव्हता. अमेरिकेत सरकारने बापाच्या त्या ओझ्याचा कागद केला, त्याला मुदत घातली, किंमत लावली. मोबदला भरघोस आहे यात शंका नाही. पण तो कर्जाच्या भयाने बांधलेला आहे, आणि हे मला पटत नाही.

हिब्याशी एक फरकही आहे. ताबा दिलेला हिबा मागे घेणं फार अवघड; जवळच्या नात्यात तर घेताच येत नाही. इथे सैनिक दिलेला हक्क केव्हाही काढून घेऊ शकतो. घटस्फोटाच्या खटल्यातही हा हक्क नवराबायकोची सामाईक मालमत्ता धरायचा नाही, असं कायदाच सांगतो. मुलाला तो वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत वापरावा लागतो. बापाच्या बाजूला मात्र 2017 च्या कायद्याने, ज्याला कोल्मरी यांचंच नाव दिलं आहे, 1 जानेवारी 2013 पासून पुढे नोकरी सुटलेल्यांसाठी 15 वर्षांची मुदत काढून टाकली. त्यामुळे पोरगं मधेच कॉलेज सोडून कामाला लागलं, तर उरलेले महिने बाप परत आपल्या नावावर घेऊ शकतो, आणि पन्नाशीत स्वत: वर्गात जाऊन बसू शकतो.