कासाल्सचें मौनव्रत

वादकाची कीर्ति त्याच्या वादनावरून ठरावी, हें उघडच आहे. परंतु वाद्य वाजविण्याचें नाकारल्यामुळें जगाच्या आदरास अधिक पात्र झालेला एक वादक विसाव्या शतकांत होऊन गेला. त्याचें नांव पाब्लो कासाल्स. स्पेनच्या ईशान्येस कातालोनिया नांवाचा प्रांत आहे. तेथील व्हेंद्रेल या गांवीं २९ डिसेंबर १८७६ रोजीं त्याचा जन्म झाला. वडील गांवच्या चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. मुलानें सुतारकाम शिकून पोट भरावें, असा त्यांचा विचार होता. परंतु आईनें हट्ट धरला, आणि ती त्याला संगीत शिकविण्यासाठीं बार्सिलोना शहरीं घेऊन गेली.

चेलो हें व्हायोलिनच्याच कुळांतील, पण आकारानें बरेंच मोठें वाद्य. वादक बसून तें गुडघ्यांमध्यें उभें धरतो व गजानें वाजवितो. त्याचा स्वर पुरुषाच्या भरदार कंठासारखा असतो. आपल्याकडे सारंगीच्या वांट्याला जशी बहुधा साथच आली, तसाच चेलोलाही स्वतंत्र वादनाचा मान व्हायोलिनपेक्षां फार कमी होता. शिकतांना काखेंत पुस्तक धरावें आणि तें पडूं न देतां गज चालवावा, अशी त्या काळची रीत! कासाल्सनें हा जखडलेला हात मोकळा केला आणि डाव्या हाताच्या बोटांची जुनी ठेवणही बदलली.

१८९० सालीं, तेरा वर्षांचा असतांना, बार्सिलोनांतील एका दुकानांत जुनी स्वरपुस्तकें चाळतां चाळतां त्याला बाख या जर्मन रचनाकाराच्या चेलोसाठीं लिहिलेल्या सहा सुइट सांपडल्या. सुइट म्हणजे निरनिराळ्या नृत्यगतींवर बांधलेल्या रचनांची मालिका. या कृतींकडे तोंवर बहुतेक लोक सरावाचे धडे म्हणूनच पाहत. कासाल्सनें त्यांचा सुमारें बारा वर्षें अभ्यास केला, आणि मगच त्यांतील एक संपूर्ण सुइट श्रोत्यांपुढें वाजविली. पुढें १९३६ ते १९३९ या काळांत त्यानें साही सुइट ध्वनिमुद्रित केल्या. आज प्रत्येक चेलोवादक त्यांना आपल्या विद्येची कसोटी मानतो.

१८९९ सालीं त्यानें व्हिक्टोरिया राणीपुढें वादन केलें. १९०४ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानीं. पण राजवाड्यांतच रमणारा हा कलावंत नव्हे. १९२० सालीं त्यानें बार्सिलोनांत पदरचा पैसा घालून वाद्यवृंद उभारला, आणि पुढें अल्प वर्गणींत संगीत ऐकतां यावें म्हणून कामगारांची संस्था काढण्यास साहाय्य केलें.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली, तेव्हां त्या देशांत वाजविण्याचें कासाल्सनें नाकारलें. १८ जुलै १९३६ रोजीं त्याचा वाद्यवृंद बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम करीत असतां निरोप आला: सेनापतींनीं बंड केलें आहे, सर्वांनीं त्वरित घरीं जावें. वादकांनीं व गायकांनीं अखेरचा भाग पुरा केला, मगच ते पांगले. यादवी युद्ध फ्रँकोनें जिंकलें. १९३९ सालीं कासाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधील प्राद या लहानशा गांवीं राहूं लागला. छावण्यांत हाल सोसणाऱ्या निर्वासित देशबांधवांसाठीं मदत मागणारीं पत्रें लिहिणें, हा त्याचा नित्याचा उद्योग झाला. जर्मन अधिकारी बर्लिनचें निमंत्रण घेऊन आले, त्यांनाही त्यानें नकार दिला.

महायुद्ध संपलें. आतां दोस्त राष्ट्रें फ्रँकोलाही दूर करतील, अशी त्याची अपेक्षा होती. १९४५ सालीं इंग्लंडांत त्याचें अपूर्व स्वागत झालें. परंतु सरकार फ्रँकोला हात लावणार नाहीं, हें दिसतांच त्यानें ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सन्मान्य पदव्या नाकारल्या आणि जाहीर वादन थांबविलें. शत्रूपुढें न वाजविणें त्या मानानें सोपें. चाहत्यांपुढें न वाजविणें फार कठीण. वयाच्या सत्तरीस टेकलेल्या वादकाची बोटें कायमची थोडीच चालतात? तेव्हां या त्यागाचें मोल पैशांत होणारें नव्हतें.

१९५० सालीं बाखच्या मृत्यूस दोनशें वर्षें झालीं. कासाल्स बाहेर पडत नाहीं, तर आपणच त्याच्याकडे जावें, असें ठरवून देशोदेशींचे वादक प्राद येथें जमले, आणि गांवच्या चर्चमध्यें तो पुन्हां वाजवूं लागला.

पुढें १९५८ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत आणि १९६१ सालीं अध्यक्ष केनेडींकडे त्यानें वादन केलें. अमेरिकेनें फ्रँकोशीं सख्य केलें असतां हें कसें, असें कोणी विचारील. परंतु कासाल्सच्या दृष्टीनें व्रत हें रागाचें नव्हतें, साक्षीचें होतें. जेथें शांततेसाठीं शब्द टाकतां येईल तेथें त्यानें गज उचलला, आणि बहुधा कातालोनियाचें ‘पाखरांचें गाणें’ हें लोकगीत वाजवून आपल्या भूमीची आठवण दिली.

त्याच्या मौनानें फ्रँकोचें आसन हाललें नाहीं, हें खरें. २२ ऑक्टोबर १९७३ रोजीं, शहाण्णवाव्या वर्षीं, कासाल्स पोर्तो रिको बेटावर वारला. फ्रँको त्यानंतरही दोन वर्षें जगला. पण ज्या सत्तेला बहुतेक राष्ट्रें हळूहळू मान्यता देत होतीं, तिला एका वादकानें अखेरपर्यंत मान्यता दिली नाहीं, आणि लोक ती गोष्ट विसरले नाहींत. १९७९ सालीं त्याचे अवशेष व्हेंद्रेल येथें आणून पुरण्यांत आले.