यंत्रासाठी लिहिलेली यादी

लंडनच्या वायव्येस, ज्युबिली हा रेल्वेमार्ग जेथे संपतो तेथे, स्टॅनमोर नावाचे उपनगर आहे. युद्धेतिहासाच्या वाचकांना ते बेंटली प्रायरी या वाड्यामुळे ठाऊक असते, कारण १९३६ पासून ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे मुख्य दप्तर तेथे होते आणि १९४० च्या हवाई संग्रामाची सूत्रे ह्यू डाउडिंग यांनी तेथूनच हलविली. परंतु त्याच स्टॅनमोरात आणखी एक ठाणे होते, ज्याच्या कामाचा जाहीर उच्चार सत्तरीच्या दशकापर्यंत जवळजवळ झालाच नाही. आणि पाककृतींतील जिन्नस वेचून कृत्रिम बुद्धीच्या प्रतिनिधीला पुरविणाऱ्या एखाद्या साधनाची माहितीपत्रिका आज कोणी लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्या धंद्याची वंशावळ मला या दुसऱ्या ठाण्यापर्यंत पोहोचलेली दिसते.

ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुप्तलिपी उलगडण्यासाठी अ‍ॅलन ट्युरिंग यांनी आखलेले, गॉर्डन वेल्चमन यांनी सुधारलेले आणि लेचवर्थच्या कारखान्यात हॅरल्ड कीन यांच्या देखरेखीखाली घडविलेले ‘बाँब’ नावाचे यंत्र १९४० पासून राबत होते. शत्रूच्या एका हल्ल्यात सगळीच यंत्रे नष्ट होऊ नयेत, म्हणून ती निरनिराळ्या ठिकाणी विभागण्याची तजवीज झाली व स्टॅनमोर आणि ईस्टकोट ही त्यांतील दोन मोठी ठाणी ठरली. एखाद्या सांकेतिक संदेशात अमुक शब्द असणार, असा तर्क ब्लेचलीचे विद्वान करीत. तर्काचे अक्षर आणि संदेशाचे अक्षर यांच्या जोड्यांवरून, कोणते अक्षर कोणत्या स्थानी कशाशी जोडले जाते, याचा एक आलेख काढीत. आणि हा आलेख, ज्याला तेथे ‘मेनू’च म्हणत, ठाण्यावर धाडला जाई. तेथे नौदलाच्या महिला शाखेतील मुली त्याबरहुकूम यंत्राच्या पाठीमागच्या तारा जोडीत आणि पुढच्या बाजूस १०८ चकत्या चढवीत. प्रत्येक चकतीच्या आतल्या अंगाला तारांचे बारीक कुंचले असत. त्यांतील एखादा केस वाकून शेजारच्याला टेकला तर वीज भलतीकडे जाऊन सारे श्रम फुकट, म्हणून चिमटा हाती घेऊन या मुली ते केस एकेक करून सरळ करीत बसत. संदेशात काय होते हे त्यांना कोणी सांगत नसे, आणि यंत्राला तर्क करता येत नसे. जो काही तर्क करावयाचा, तो कागद लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असे.

त्याच ज्युबिली मार्गावर लंडनकडे येताना डॉलिस हिल लागते, जेथे टॉमी फ्लॉवर्स यांनी १९४३ साली ब्लेचलीसाठीच कोलोसस हे गणकयंत्र उभे केले. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आज त्याच डॉलिस हिल परिसरात आहे, हा केवळ योगायोग. पण चकलीचा वास आणि कोलोससची स्मृती एकाच वस्तीत नांदतात, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

यंत्र आणि पाकशाला यांची खरी सोयरीक मात्र युद्धानंतर जुळली. लायन्स या चहागृहांच्या कंपनीने कॅडबी हॉल येथे ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडे पहिले नित्याचे काम सोपविले ते आपल्या भटारखान्यांच्या साप्ताहिक मूल्यांकनाचे. पाव आणि केक यांच्यामागे जिन्नस किती खर्ची पडला, याचा हिशेब अव्वल दर्जाच्या कारकुनालाही चुकत असेल, तो यंत्राने मांडावा, ही त्यामागील दृष्टी.

आपल्याकडे जिन्नसांच्या याद्या काही कमी जुन्या नाहीत. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत मुदपाकखान्याची गणना होती आणि शिध्याची यादी हा दप्तराचा नित्याचा कागद होता. पण त्या यादीत काय आणावयाचे तेवढे असे, करावयाचे कसे ते आचाऱ्याच्या हातात. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली हजार पाकक्रियांचे पुस्तक लिहिले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी आणि चमचा हेच माप धरल्यामुळे, घरात सासू वा आई जवळ नसलेल्या नवशिक्या मुलीलाही कमलाबाईंचे पुस्तक विश्वासाने उघडता आले. तरीही ‘मीठ चवीप्रमाणे’ या दोन शब्दांवर त्यांना थांबता येत होते, कारण पलीकडे जीभ असलेला वाचक होता.

आजच्या माहितीपत्रिकेच्या वाचकाला, म्हणजे कृत्रिम बुद्धीच्या प्रतिनिधीला, जीभ नाही, पण स्टॅनमोरच्या यंत्राहून तो एका बाबतीत अगदी उलटा आहे: तो तर्क करतो, आणि जरा जास्तच करतो. २०११ साली मोठ्या शोधयंत्रांनी मिळून ठरविलेल्या मांडणीत पाककृतीचा प्रत्येक जिन्नस ही सहसा केवळ एक मजकुराची ओळ असते. तिच्यातून मात्रा, माप आणि वस्तू वेगळी काढण्याचे काम साधनाचे, आणि ते कसे केले हे सांगण्याचे काम माहितीपत्रिकेचे. ‘फोडणीचे साहित्य’ अशी ओळ आली तर साधन ती तशीच परत करते, की मोहरी, जिरे, हिंग आणि हळद अशी फोड करून देते, हे पत्रिकेत स्पष्ट नसेल, तर प्रतिनिधी आपल्या मनाने कढीपत्ताही घालून मोकळा होतो. वाटीचे ग्रॅम परस्पर करू नयेत, कारण वाटीभर रवा आणि वाटीभर गूळ यांचे वजन एक नव्हे, हेही लिहावे लागते. आणि ‘मीठ चवीप्रमाणे’ असेल तेथे मात्रेचा रकाना रिकामा परत येतो, तो शून्य समजू नये व एक चमचा असा भरूनही टाकू नये, ही सूचना पत्रिकेच्या तळटीपेत नव्हे, तर पहिल्या परिच्छेदातच घालावी लागते.